लॉन मुलांसाठी केलं, आता लॉनसाठी मुलांना अडवतोय

नाव न छापण्याच्या अटीवर आलेल्या एका पत्राचा हा गोषवारा. पत्र लिहिणाऱ्या ताई नाशिकजवळ राहतात. बंगल्याच्या मागे ६० बाय ३० फुटांचं परस आहे. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मुलं शाळेतून आली की मोबाइलला चिकटतात, म्हणून गेल्या दिवाळीत साठ-पासष्ट हजार खर्चून परसभर ‘मेक्सिकन’ लॉनच्या गाद्या अंथरून घेतल्या. नाताळच्या सुट्टीत मुलगा आणि त्याचे मित्र तिथे क्रिकेट खेळले. जानेवारीत लॉन पिवळं पडलं, मार्चपर्यंत मधोमध मोठं टक्कल पडलं आणि एप्रिलमध्ये बोअरचं पाणी कमी झाल्यावर उरलंसुरलंही वाळलं. मिस्टरांनी आता परसात खेळायला बंदी केली आहे. पावसाळ्यात पुन्हा लॉन करायचं, पण ‘एकदा नीट धरू दे, मग बघू’ असं त्यांचं म्हणणं. सासरे शेतकरी. त्यांच्या मते पैसा आणि पाणी दोन्ही मातीत गेलं. ठेकेदार कृत्रिम टर्फ सुचवतोय. ताई विचारतात: खेळ सोसेल असं गवत कोणतं, जमीन कशी तयार करायची, की सरळ टर्फच टाकावं?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘लॉन मुलांसाठीच केलं होतं, पण आता ते जपायचं म्हणून मुलांना जाऊ देत नाही.’ ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसताच बसलो. मी बावीस वर्षं एका शाळेत पीटी शिकवली. मैदानाची देखभालही माझ्याकडेच होती. ‘गवत धरलंय, दोन महिने कुणी फिरकायचं नाही’ असा फलक मीही लावला आहे आणि कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे पाहिले आहेत. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचा मला राग येत नाही. घामाचा पैसा डोळ्यांदेखत पिवळा पडताना पाहणं सोपं नसतं. पण लॉन मुलांनी मारलं, हा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

ते चुकीच्या वेळी लावलं गेलं. आपल्याकडची लॉनची गवतं उष्ण हवेतली आहेत. ती उन्हात आणि पावसाळी दमटपणात वाढतात, थंडीत थबकतात. तुमच्या बाजूची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच, निफाडकडे पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. दिवाळीत अंथरलेल्या गादीला खाली मुळं सोडायला जेमतेम तीन-चार आठवडे मिळाले आणि लगेच थंडी पडली. ती गादी जमिनीला धरलेलीच नव्हती, नुसती वर ठेवलेली होती. त्यात ‘मेक्सिकन’ दिसायला मखमली असलं तरी वाढायला फार संथ. एकदा उखडलं की जखम भरून यायला महिने लागतात. नाताळात मुलं खेळली नसती, तरी एप्रिलच्या पाणीटंचाईत त्याचं हेच झालं असतं.

आता मुळातली अडचण. शाळा सोडेपर्यंत मलाही ती नीट उमगली नव्हती. मुलांच्या खेळाचा हंगाम आणि गवताचा हंगाम एकमेकांच्या उलटे चालतात. गवत जोमात असतं आषाढ-श्रावणात, तेव्हा जमीन ओली, चिखल, शाळा चालू. मुलं खेळतात नाताळात आणि सर्वांत जास्त एप्रिल-मेच्या सुट्टीत, म्हणजे गवत झोपलेलं असतं किंवा तहानलेलं असतं तेव्हा. ज्या महिन्यांत त्याच्यावर सगळ्यात जास्त पाय पडतात, त्याच महिन्यांत त्याच्यात स्वतःला सावरायची ताकद नसते. ‘खेळ सोसेल असं गवत कोणतं’ याचं उत्तर मी पुढे देतो, पण बारा महिने हिरवं राहून रोज दोन तास क्रिकेट सोसणारं गवत घरगुती पाण्यावर मिळत नाही. स्टेडियमवर ते दिसतं, कारण तिथे रोज राबणारी माणसं असतात आणि सामने नसताना मैदानाला विश्रांती मिळते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे संपूर्ण परसाला लॉन करू नका. क्रिकेटला मातीची पट्टी द्या आणि उरलेल्या जागेत गवत करा.

गोलंदाज टाच रोवतो तिथे आणि फलंदाज बॅट आपटतो तिथे गवत कधीच टिकत नाही, आमच्या शाळेतही टिकलं नाही. तुमच्या परसाच्या ६० फुटी बाजूला, कंपाउंडच्या भिंतीलगत ८ फूट रुंदीचा पट्टा सोडा. खरी खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फूट. ती तुमच्याकडे बसणार नाही आणि बसवायची गरजही नाही. ९ वर्षांच्या मुलाला १६ यार्ड, म्हणजे ४८ फूट पुरेसे. मोठ्यांच्या अंतरावरून टाकायला लावलं की लहान मुलं चेंडू नुसता भिरकावतात, हात नीट फिरवायला शिकत नाहीत. ४८ फूट पट्टी आणि एका बाजूला १२ फूट धाव घ्यायला, हिशेब बरोबर बसतो.

आणि इथे मला तुमचे सासरे आठवतात. पत्रात ते फक्त विरोध करणारे म्हणून आले आहेत. पण खेळपट्टी करणं आणि खळं करणं ही एकाच घरातली कामं आहेत. मळणीयंत्रं यायच्या आधी ज्यांनी शेती केली, त्यांनी दर सुगीला खळं केलेलं असतं. जागा खणून खडे वेचायचे, पाणी मारायचं, वाफशावर (फार ओली नाही, फार कोरडीही नाही) आली की चोपायची, बैल फिरवायचे नाहीतर दगडी रूळ फिरवायचा, भेगा बुजवायच्या, शेवटी शेणाने सारवायचं. दाणा मातीत रुतू नये इतकी घट्ट जमीन व्हायला हवी. खेळपट्टीला वेगळं काय लागतं? सासऱ्यांना लॉनबद्दल मत विचारू नका. ‘अण्णा, पोरांना खेळायला खळ्यासारखी जागा करायची आहे, कशी करू?’ असं विचारून बघा. (तुम्ही त्यांना जी हाक मारत असाल ती मारा.) माझा अंदाज आहे की ते फावडं मागतील.

दुसरं म्हणजे ठेकेदाराने लॉनसाठी काळी माती काढून लाल माती भरली, असं तुम्ही लिहिलं आहे. ती काळी माती अजून कुठे ढिगात पडली असेल तर टाकू नका. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून लॉनला ती त्रासदायक. पण त्याच चिकटपणामुळे रूळ फिरवल्यावर ती दगडासारखी बसते. लॉनला नको असलेली माती खेळपट्टीला सोन्यासारखी.

पट्टीची कृती सांगतो. ७ इंच खणा. तळाला ४ इंच मुरूम टाकून ठोकून घ्या, म्हणजे पाणी खाली जाईल. त्यावर काळी माती चाळून घ्या, वाळू चाळायची मोठी चाळण चालते. दीड-दीड इंचाचे दोन थर द्या. प्रत्येक थराला झारीने पाणी द्या, नळी लावू नका, माती वाहून जाते. मग थांबा. हे थांबणं महत्त्वाचं. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, इतकी ओल उरली की रूळ फिरवा. त्याआधी फिरवलात तर माती रुळाला चिकटून उचलली जाते, उशीर केलात तर बसत नाही. आमच्याकडे मैदानावरचे मामा पट्टीवर अंगठा दाबायचे. ठसा उमटला पण अंगठा कोरडा राहिला की म्हणायचे, ‘आता.’ मी त्यांच्याकडून शिकलो. रूळ नसेल तर गावाकडे एखाद्या वाड्यात जुना दगडी रूळ नक्की पडलेला असतो. तोही नसेल तर लाकडी चोपणीने चोपा, वेळ जास्त लागेल एवढंच.

पट्टीला भिंतीकडून गवताकडे थोडा उतार ठेवा, १०० फुटांना १ फूट या हिशेबाने ८ फुटांत जेमतेम एक इंच. पाणी भिंतीच्या पायात मुरायला नको. उन्हाळ्यात भेगा पडतीलच, त्यांत चाळलेली सुकी माती भरून पाणी मारा आणि वाफशावर पुन्हा रूळ फिरवा. रोज संध्याकाळी खेळ संपल्यावर झारीभर शिंपण आणि आठवड्यातून एकदा रूळ, एवढी देखभाल पुरे. हे काम मुलांनाच द्या. पावसाळ्यात ताडपत्री झाका, कारण ओली काळी माती पायाला घसरते. चेंडू टेनिसचा वापरा. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या काचा असतील तर नायलॉनची जाळी आधी आणि खेळपट्टी नंतर.

आता गवताकडे वळतो. ‘मेक्सिकन’ पुन्हा नको. हरळी लावा. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ नावाने मिळतं ते तिचंच निवडलेलं वाण आहे. ती जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून धावते, म्हणून तुटलेली जागा भरून काढते. शेतकऱ्याचा तिच्यावर राग असतो तो याच चिवटपणामुळे. तुमच्या सासऱ्यांनी जन्मभर जिला खणून काढलं, तीच सूनबाई विकत आणतेय म्हटल्यावर ते चिडणारच! बांधावरची हरळी त्यांच्याकडून मागून आणा, एक पैसा लागणार नाही. पण तिला ऊन हवं, दिवसाला सहा-सात तास. झाडाच्या सावलीत ती धरणार नाही. तिथे गवताचा हट्ट सोडा, ओटा करा, मुलांच्या बाटल्या आणि आजोबांची खुर्ची तिथे.

लावण्याआधी जमिनीत काय आहे ते बघा. नव्या बंगल्यांच्या परसात माझा एकच अनुभव आहे: वर चार इंच छान लाल माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा. एका ओळखीच्यांकडे मी फूटभर खणलं तर फरशीचे तुकडे, प्लास्टरचे गोळे, सिमेंटच्या गोणीचा चिंधडा आणि वाकलेले खिळे निघाले. गवत तिथे का मरत होतं ते तर कळलंच, पण त्याच जागी मुलं अनवाणी खेळत होती हे बघून अंगावर काटा आला. ९ इंच खणून सगळं चाळून काढा. खिळ्यांसाठी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ओढत फिरवा. मुलांना हे काम फार आवडतं. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, तेही बघून ठेवा.

लव्हाळा हे तण असेल तर ते मेच्या आत काढा. वरून उपटून उपयोग नाही, खाली काळ्या गाठी असतात, त्या खुरप्याने खणून निघाल्या पाहिजेत. एक गाठ राहिली तर पावसात दहा होतात. खत म्हणून कुजलेलं शेणखतच घाला. कच्च्या शेणाने वाळवी आणि हुमणी दोन्ही ओढवून घ्याल. हुमणीच्या अळ्या गवताची मुळं खातात आणि मग गवत सतरंजीसारखं हाताने उचलता येतं. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात, ते त्याच वेळी हलवून पाडून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढचा त्रास वाचतो. सासऱ्यांना हे मी सांगायला नको.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की हरळीचे तीन-चार पेरांचे तुकडे ३-४ इंचांवर टोचत जा. दोन पेरं मातीत, एक वर. आषाढात लावलं की गणपतीच्या सुमारास जमीन झाकते. या आठ-दहा आठवड्यांत गवतावर जायचं नाही, ही बंदी मुलांना कळते, कारण तिला शेवट आहे आणि उघडीप मिळाली की खेळपट्टी खेळायला आहेच. मिस्टरांची ‘मग बघू’ ही बंदी मुलांना कळत नाही, कारण तिला तारीख नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दसऱ्याला गोल करा आणि मुलांना सांगा, त्या दिवशी सीमोल्लंघन परसात. नंतर कापणी अशी ठेवा की एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पातं जाऊ नये. खेळाला दीड इंचाची उंची ठीक. उंच गवत ठेवू नका, त्यात खडा दिसत नाही, सरपटणारं काही दिसत नाही. पावसाळ्यात महिन्याला गुंठ्याला १ किलो युरिया, ओल्या जमिनीवर, वर लगेच पाणी, एवढं पुरे.

पाण्याचा हिशेब मात्र आजच करा. तुमचं पूर्ण परस १८०० चौरस फूट. एप्रिल-मेच्या उन्हात गवत टवटवीत ठेवायचं तर रोज ५ मिलिमीटर पाणी धरा, म्हणजे दिवसाला साधारण ८३५ लिटर. आठवड्याला ५,००० लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. सासरे म्हणतात ते खोटं नाही, ताई. आता पट्टी, ओटा आणि भाजीचा वाफा वगळून गवत फक्त ११०० चौरस फूट, म्हणजे एक गुंठाभर ठेवा. आणि उन्हाळ्यात ते हिरवं दिसलं पाहिजे ही अपेक्षा सोडा. हरळी पाणी कमी पडलं की वरून वाळते, पण धावरे आणि खालच्या कांड्या जिवंत ठेवते. दर दहा दिवसांनी १० मिलिमीटर, म्हणजे साधारण १,००० लिटर पाणी दिलं तरी ती तगते. मे महिन्यात पिवळ्या गवतावर मुलं खेळतील, टक्कल पडेल. पडू द्या. जूनमध्ये टोकदार लोखंडी जेळीने ३-४ इंच खोल भोकं पाडा, त्यांत वाळू आणि शेणखत लोटा, टकलावर नवे तुकडे टोचा. त्यासाठी कोपऱ्यात ३ बाय ३ फुटांचा हरळीचा एक वाफा कुणाचाही पाय न पडता राखून ठेवा. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र गवताला सोडू नका. साबणाच्या सोड्याने जमीन हळूहळू आवळत जाते आणि पाणी मुरेनासं होतं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल द्या.

टर्फबद्दल. हल्ली गावोगाव टर्फ झाले आहेत, मुलं तासावर बुक करून खेळतात, त्यामुळे घरी असावं असं वाटणं साहजिक आहे. रात्री दिव्याखाली खेळायचं असेल तर ते उपयोगी. पण तुमची मुलं खेळणार मेच्या दुपारी चार वाजता. उन्हात ते प्लास्टिक अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकं तापतं, घसरून पडलं तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते, थंड करायला शेवटी पाणीच मारावं लागतं. आणि खाली खडी-सिमेंटचा थर घातला की ती जमीन पुन्हा जमीन होत नाही. तुमच्याकडे माती आहे आणि माती ओळखणारा माणूस घरात आहे. मी टर्फ टाकणार नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही, त्याबद्दल. पत्रात मुलगा चार वेळा आला आहे, त्याचे मित्र दोनदा. मुलगी फक्त पहिल्या ओळीत आहे, वयासकट. ती परसात जाते का? पोरांचं क्रिकेट सुरू झालं की १२ वर्षांची मुलगी दारातून परत फिरते, हे मी शाळेत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. कुणी हाकललेलं नसतं, तरी ती परत फिरते. क्रिकेट भिंतीलगत गेलं की उरलेल्या २२ फूट रुंदीत बॅडमिंटनचं कोर्ट बरोबर बसतं: ४४ बाय २०. जाळी मध्ये ५ फूट उंच. खांबांसाठी जमिनीत पीव्हीसी पाइपचे तुकडे काँक्रीटमध्ये बसवा आणि खांब काढल्यावर त्यांना टोपणं लावा, उघडं भोक राहिलं तर घोटा मुरगळतो. वाऱ्याने फूल (शटल) उडतं, म्हणून पिसांचं नको, नायलॉनचं घ्या आणि सकाळी खेळा. उघड्यावरचं बॅडमिंटन काही कमअस्सल नाही, एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत हा खेळ रंगायचा आणि तेव्हा त्याला ‘पूना’च म्हणत. पण तिला बॅडमिंटन हवंय का, हे मी ठरवू नये आणि तुम्हीही नाही. तिला विचारा. कदाचित ती कबड्डी म्हणेल. लहान गटाचं मैदान ११ बाय ८ मीटरचं असतं, तुमच्या परसात मावतं, पण मग पट्टीची जागा बदलावी लागेल. म्हणून खणण्याआधी विचारा.

मोबाइलचंही तसंच. लॉन झालं की मुलं आपोआप बाहेर येतील, असं तुम्ही धरून चालला होतात. नाताळात मुलगा बाहेर आला तो मित्र होते म्हणून, गवत होतं म्हणून नव्हे. संध्याकाळी ५ ते ७ शेजारच्या मुलांना फाटक उघडं असतं, एवढं एकदा कळू द्या. चपला बाहेर काढा, पाण्याचा माठ ठेवा. आणि मिस्टरांना आठवड्यातून दोन दिवस तरी गोलंदाजी करायला लावा. स्वतः खेळलेल्या जागेवरच्या टकलाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

येत्या रविवारी एवढंच करा. परसात दोन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या, एक टक्कल पडलेल्या जागी, एक भिंतीलगत. मुलाला खणू द्या. काय निघतं ते वर्तमानपत्रावर मांडा. मग खड्डा काठोकाठ पाण्याने भरा, ते मुरलं की पुन्हा भरा, आणि दुसऱ्यांदा पाणी उतरायला किती वेळ लागतो ते मुलीला घड्याळ लावून लिहायला सांगा. चार-पाच तासांत उतरलं तर वर सांगितलं तसं काम सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं, तर आधी कडेने फूटभर खोल चर काढून त्यात खडी भरावी लागेल, बाकी सगळं त्यानंतर. चर कुठून काढायचा हे ठरवताना सासऱ्यांना पावसाळ्यात परसात पाणी कुठे साचतं ते विचारा, त्यांनी ते नक्की पाहून ठेवलेलं असेल.